फावड्याचा चेहरा

साठ-सत्तर माणसं श्वास रोखून नऊ दिवसांच्या एका बाळाच्या डोळ्यांकडे बघत होती. ओतकामाच्या कारखान्याची ती लांबलचक शेड. खाली काळी वाळू, वर काजळलेलं छप्पर, पूर्वेच्या भिंतीला उंच खिडक्या. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. त्या सकाळी भट्टी बंद होती, आणि बाळाची उचकी शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जात होती.

बाळाला हातात धरून नजरबाबा एका पालथ्या पेटीपाशी उभा होता. आवाज असा, की बहिऱ्यालाही उपदेश व्हावा.

"मोठ्या माणसाला कातडं दिसतं, बाळाला काळीज दिसतं! या डोळ्यांवर अजून संसाराची धूळ बसलेली नाही! निष्पापाकडे हे बघत राहील, पाप्यावरून तोंड फिरवील! खोटं निघालं तर ही जीभ कापून ठेवीन!"

जीभ कापण्याचं वचन त्याने याआधीही ठिकठिकाणी दिलं होतं, असं पुढे कळलं. जीभ मात्र चांगली धडधाकट होती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कारखान्यासमोरच्या प्रसूतिगृहात परिचारिकेचं काम शिकत होते. बाळ आणि बाळंतीण दोघांना नेत आहेत म्हटल्यावर आमच्या मोठ्या सिस्टरांनी मला सोबत धाडलं. "बाळाला नजरेआड करू नकोस. तासाभरात परत आण," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. दहा दिवसांपूर्वी वितळलेल्या लोखंडाची बादली वर टांगलेली असताना साखळी तुटली. खाली साचे करणारा कारागीर होता. त्याचं काय झालं ते मी लिहीत नाही; ज्यांनी पाहिलं त्यांतले दोघे पुन्हा कधी त्या शेडमध्ये पाऊल टाकू शकले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको बाळंत झाली. मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं, "साखळी तुटली नाही, कुणीतरी तोडली." आणि तो तोडणारा शोधायला त्यानेच नजरबाबाला आणलं. ती साखळी झिजल्याचं माझ्या दादाने त्याच मॅनेजरला तीनदा, चारचौघांत, सांगितलं होतं. आज या दोन गोष्टी मला शेजारीशेजारी दिसतात. त्या सकाळी दिसल्या नव्हत्या.

दादा भट्टीवर होता. आईवडिलांमागे त्यानेच मला वाढवलं, वेण्यासुद्धा घालायला शिकला. वर्षानुवर्षांच्या धगीने त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या, तोंडावर काजळी कायमची मुरली होती. भट्टीवाल्यांचा एक नियम असतो: धगीपुढे नजर वर करायची नाही, पापण्या अर्ध्या मिटायच्या, मान तिरकी ठेवायची. तो नियम त्याच्या अंगात इतका भिनला होता, की जेवतानाही तो तसाच बसायचा. मी चिडवायची, "दादा, ताटात काय भट्टी पेटलीय?"

संशयावरून उभ्या केलेल्या कामगारांपैकी पहिले तिघे निर्दोष ठरले. नजरबाबा त्यांना खिडक्यांकडे तोंड करून उभं करी, बाळ एका वितीवर आणी आणि सांगे, "बघ त्याच्या डोळ्यांत. हाक मार त्याला." बाळ टकमक बघे. गर्दी "वा!" म्हणे.

मग दादाला बोलावलं. त्याला मात्र खिडकीकडे पाठ करून उभं केलं. "बाळापुढे डोळे वर करू नकोस! तोंड मीट! झुक!" दादा झुकला. त्याला त्याची सवयच होती. बाळ हातभर लांब धरलेलं. क्षणभर ते चुळबुळलं, मग त्याने सरळ मान वळवली.

"फिरवलं! तोंड फिरवलं!"

पहिला घाव मेलेल्याच्या थोरल्या भावाने घातला. हातात वाळू ओढायचं फावडं होतं, त्याच्या कडेने. दादाने डोकं वाचवायला उजवा हात वर केला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग लाथा. कुणीतरी केस धरून त्याला खांबाकडे ओढलं, कुणी दोरी आणली. ज्याच्या लग्नात दादा रात्रभर पाणी वाटत होता, तोच त्याच्या तोंडावर थुंकून म्हणाला, "बोल! कशी तोडलीस?" दादाच्या ओठातून रक्त येत होतं. तो एवढंच म्हणाला, "मी सांगत होतो ना, कडी झिजलीय..." त्यावर आणखी एक ठोसा बसला.

"कबूल केलं नाही, तर ज्या रसाने माझा भाऊ गेला त्याच रसात याला!" थोरला ओरडला. "पेटवा रे भट्टी!"

आणि माणसं खरंच भट्टीकडे निघाली. माझी ओळखीची, रोज "काय ताई" म्हणणारी माणसं.

मी धावत सुटले. रस्ता ओलांडताना चप्पल कुठे पडली कळलं नाही. सिस्टर हात धूत होत्या. माझं अर्धंमुर्धं ऐकून त्या ओल्या हातांनीच निघाल्या. कुणाला कुठे, कसं उभं केलं आणि बाळ कसं धरलं, तेवढं त्यांनी वाटेत विचारून घेतलं.

शेडमध्ये त्या शिरल्या तेव्हा थोरला फावडं उगारून दादासमोर उभा होता. त्या मधे गेल्या.

"मार. आधी मला मार. मग पुढच्या महिन्यात तुझ्या बायकोजवळ कोण बसणार, तेही ठरव."

थोरल्याचा हात वरच राहिला. त्या गर्दीतल्या अर्ध्याअधिक लोकांची पोरं सिस्टरांच्या हातावर जन्मली होती.

"बाई, देवाच्या न्यायात पडू नका!" नजरबाबा गरजला.

"पडत नाही. बाळ का रडतंय तेवढं विचारते. केव्हा पाजलंय?"

बाळंतीण स्टुलावर बसली होती, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सकाळपासून नाही. बाबा म्हणाले, दुधाने दृष्टी मळते."

"अस्सं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बाबाच्या हातातून बाळ काढून आईकडे दिलं. "दोन घोट पाज. न्याय तोवर थांबेल, कुठे पळून जात नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पण ते हसू माझ्या कानात अजून आहे. साठ वर्षं झाली. गर्दीची पहिली शीर तिथे सैल झाली.

बाळ शांत झालं तसं सिस्टरांनी थोरल्याच्या हातातून फावडं काढून घेतलं. त्याने ते कसं दिलं ते त्यालाही कळलं नसावं. साच्यांना लावायची पांढरी भुकटी पोत्यात होती. ती त्यांनी फावड्याच्या गोलसर पात्यावर चोळली. कडेला दादाचं रक्त होतं, तिथे ती भुकटी गुलाबी झाली. मग काजळीत बोट बुडवून त्यांनी वर दोन ठिपके काढले, खाली एक आडवी रेघ.

"धर गं बाळाला, माझ्याकडे तोंड करून," त्या मला म्हणाल्या. मी बाळाला धरलं.

खिडकीचा उजेड पात्यावर पडेल असं फावडं त्यांनी वीतभर अंतरावर धरलं. बाळाने डोळे मोठे केले. बघितलं. सिस्टरांनी फावडं हळूच उजवीकडे नेलं; बाळाची नजर, पाठोपाठ मान, उजवीकडे. डावीकडे नेलं, डावीकडे.

"काय रे, कसं बघतंय? टकमक?"

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"याच फावड्याने आत्ता एकाचं हाड मोडलं. बाळाला याचं काळीज फार आवडलेलं दिसतं!" मग त्यांनी पातं उलटं केलं. रेघ वर, ठिपके खाली. बाळ थोडा वेळ बघून कंटाळलं, नजर भलतीकडे गेली. "आता हे पापी झालं होय? उलटं धरल्यावर?"

"ही चेटूक करतेय," नजरबाबा म्हणाला, पण आवाज अर्ध्यावर आला होता.

"नवजात बाळाला वीत-दीड वीत एवढंच जरा नीट दिसतं," सिस्टर गर्दीला म्हणाल्या. "त्यापलीकडे सगळं धुकं. त्या धुक्यात ते चेहरा शोधतं. वर दोन गडद ठिपके, खाली तोंड, आणि आपल्याकडे बघणारे उघडे डोळे. जन्मतःच शोधतं, कारण त्याला सांभाळणाराच त्याला जगवतो. तुम्ही एकाला उजेडात, जवळ, डोळे उघडून उभं केलंत. दुसऱ्याला भुवया नाहीत, तोंडाला काजळी, पापण्या खाली, उजेड पाठीमागे. त्या जागी बाळाला चेहरा दिसलाच नाही. दिसली ती लखलखीत खिडकी. ते तिकडे वळलं."

"हे तुमचं पुस्तकी झालं," थोरला म्हणाला. त्याचा श्वास अजून चढलेला होता. "मेला तो माझा भाऊ. त्याचं लेकरू बापाच्या खुन्याला ओळखणार नाही?"

तेव्हा बाळंतीण उठली. भिंतीला धरत, मघाशी दादाला बाळापुढे उभं केलं होतं त्याच जागी गेली, खिडकीकडे पाठ केली, पापण्या खाली घातल्या.

"माझ्यावर करा," ती म्हणाली.

"पोरी, बस खाली..." थोरला म्हणाला.

"करा म्हणते ना!"

सिस्टरांनी बाळ घेतलं, नजरबाबाने धरलं होतं अगदी तसं, हातभर लांब. आईने तोंड मिटलं. फडक्याखाली केस झाकलेले, चेहऱ्यावर सावली. बाळ चुळबुळलं. आणि त्याने सरळ मान फिरवली.

कुणाचा तरी हुंदका ऐकू आला.

"आता माझा अंगठा बघा," सिस्टर म्हणाल्या. सगळ्यांनी मान पुढे केली. त्यांचा डावा अंगठा बाळाच्या गालाला टेकलेला होता. "भुकेल्या बाळाच्या गालाला हात लागला, की ते त्या बाजूला तोंड वळवून दूध शोधतं. इथली प्रत्येक आई हे जाणते. म्हणून याने त्याला उपाशी ठेवलं. उजेडाने काम नाही झालं तर अंगठा होताच. बोला, नवरा हिने मारला? बांधा हिला खांबाला! दोरी आहेच!"

बाळंतीण थोरल्याकडे वळली. "भाऊजी, हे भट्टीवाले मॅनेजरला साखळीचं सांगत होते, तेव्हा तुम्ही तिथे होतात. आमचे हे रोज घरी येऊन सांगायचे. ती कडी आणा ना कुणीतरी. कडी बघा. माझ्या लेकराला कशाला विचारता?"

तुटलेली कडी आणली गेली. मनगटाएवढी जाड असायची ती एका बाजूने करंगळीएवढी झिजली होती, आणि तुटलेल्या तोंडावर जुना गंज होता. तडा आधीपासूनचा होता, हे लोखंडात जन्म घालवलेल्या माणसांना सांगावं लागलं नाही. इतका वेळ दाराशी उभा असलेला मॅनेजर कधी निघून गेला, कुणी पाहिलं नाही.

मग तेच झालं, जे होणार होतं. गर्दी नजरबाबाकडे वळली. कुणी त्याची दाढी धरली, कुणी म्हणालं, "जीभ! जीभ कापायचं बोलला होता!" लोखंडी सळई हवेत गेली. बाबा वाळूत लोळत होता, "माफ करा, मला मॅनेजरसाहेबांनी..."

"खाली ठेवा!" सिस्टर इतक्या मोठ्याने ओरडलेल्या मी एकदाच ऐकल्या. "मघाशीही तुमची अशीच खात्री होती! याला पोलिसांत द्या. आणि त्या कडीला."

त्यांनी दिलं. कडीही दिली.

दादाचा हात वाकडाच जुळला. भट्टी सुटली. सुरुवातीला तो डाव्या हाताने भाकरी मोडायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. थोरला रोज दारात येऊन उभा राही. दादाने त्याला आत घेतलं, पण महिन्याने, आणि काही न बोलता.

एकदा बाळंतीण आली. बाळ तिने दादासमोर धरलं, दारातल्या उजेडात, वीतभर अंतरावर. "डोळे वर करा," ती म्हणाली. दादाला ते जमेना. मग त्याने केले. बाळ त्याच्या भुवया नसलेल्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिलं. दादा रडला. मीही. पण मी ठामपणे सांगते, तो काही निवाडा नव्हता. बाळाला एक चेहरा दिसला होता, इतकंच. आणि बाळाने आपल्याला इतकंच द्यायचं असतं.

म्हणून कुणी लेकराच्या, प्राण्याच्या, थरथरणाऱ्या काठीच्या तोंडून न्याय सांगू लागला, तर आधी उजेड कुठून येतो ते बघा. मग त्याचा अंगठा बघा. मग त्याला तिथे कुणी आणलं ते विचारा. आणि हे सगळं करण्याआधी, हातात जे काही असेल, ते खाली ठेवा.