कोपरावरचं रफू

कोपरावर बोट फिरवलं तर कापड हाताला लागेचना... खाली दोरा, वर दोरा, त्याच्यावर आजचा. खाकी शर्ट, मिलचा. मिलला कुलूप लागलं तरी हा घातल्याशिवाय पंढरीनाथ अनंत चतुर्दशीच्या झांकीला, मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याला, हात लावत नाही. म्हणूनच तर जनाबाईनं नवऱ्याचा तो शर्ट रफूला घेतला – बोटभर फाट होती – आणि रफू संपू दिलं नाही.

बंद मिलचे कामगार वर्गणी काढतात, बांबू बांधतात, पुतळे हलवणारी चाकं बसवतात, शिडीवर चढतात. शिडी! होळीला छातीत कळ येऊन पडलेला माणूस शिडीवर चढणार, आणि मी काय ओवाळून पाठवू ह्यांना?

काल पूर्णिमा, सून, पलासियाच्या लॅबमधून रिपोर्ट घेऊन आली. ‘‘आई, होळीच्या त्या झटक्यात बाबांच्या हृदयाचा तुकडा मेला. तिथं शरीरानं धाग्यांचा व्रण विणला, नाहीतर हृदय फाटलं असतं. पण पेशींना ‘विणा’ म्हणून सांगणारं रसायन जखम भरली की थांबायला हवं. बाबांचं थांबत नाहीये. बाजूचं चांगलं मांसही कडक होतंय.’’

‘‘म्हणजे मिल बंद, अन् आत माग चालूच? पगार कोण देतंय मेल्यांना?’’

पूर्णिमा हसली. ‘‘गोळ्यांनी थोडं मंदावतं. तो हुकूमच बंद करणारं औषध अजून शोधतायत.’’

शोधतायत... तोवर जनाबाईचा पहारा होताच. मिठावर, जिन्यावर, भेटायला येणाऱ्यांवर. हल्ली पंढरीनाथ विचारलं तरच बोलतो, तेही ‘हं’. हृदयामुळंच असेल – असं ती धरून चालली होती.

खालून गजाननची हाक आली. मागावरचा जुना जोडीदार. ‘‘पंढरीभिया, चल रिये हो क्या? हत्तीची सोंड तुमच्याबिगर हलत नाहीये!’’

पंढरीनाथ बनियनवर दारात उभा. ‘‘झालं का गं रफू?’’

‘‘होतंय. घाई असेल तर दुसरी करा, ती शिवेल भराभर.’’

तो हसेल म्हणून ती थांबली. त्यानं नुसती बाही हातात घेऊन वाकवून पाहिली. कोपरात ती वाकेना.

‘‘पुठ्ठा झालाय,’’ तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. असती तर तिनं दोन ऐकवल्या असत्या.

सुईत अजून हातभर दोरा. तिचा हात आपणहून कापडाकडे निघाला – आणि त्या हाताचीच तिला भीती वाटली. मी तर सांभाळतेय ना... शर्ट दिला तर शिडी. नाही दिला, तर हे असं, दारात, बनियनवर... खाली गजानन पुन्हा हाक मारत होता. ‘येत नाहीत ते’ हे रोजचं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच राहिलं. तिनं सुईतला दोरा ओढून काढला.