हिरवी पारवी

फिदानाने पिशवी उलटी करून झटकली. पावाचा चुरा पडला, एक तेलकट कागद पडला, बास. चीज, सुकं सॉसेज, काल पहाटे उठून भाजलेली चीजच्या थरांची परातभर बानित्सा, सगळं गायब. ती गुडघ्यांवर बसली आणि तंबूच्या दाराशी ओल्या मातीत उमटलेला पंजा तिने बोटांनी चाचपला. चांगला तळहाताएवढा होता.

"मेंढपाळाचा कुत्रा," ती म्हणाली. "आणि पळालाही नाही मेला. सावकाश चालत गेलाय. लग्नात जेवून निघालेल्या पाहुण्यासारखा."

तिचा जावई लाचो ओल्या केसांनी झऱ्यावरून येत होता. तो थबकला.

"म्हणजे नाश्ता..."

"नुसता नाश्ता नाही, जावईबापू. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं आणि उद्याचं. त्याने एकट्याने उरकलं सगळं."

मागून आलेल्या बिल्यानाने आईच्या हातातली रिकामी पिशवी पाहिली आणि ती सरळ तंबूचे खुंटे उपटायला वाकली. "चला खाली. तीन तासांत गाडीपाशी पोचू. गावात जाऊन नीट जेवू."

"खुंट्याला हात लावू नकोस. मीठ आहे का?"

"आहे."

"तेल?"

"अर्धी बाटली. आई, पण..."

"मक्याचं पीठ?"

"ते आहे. त्याला आवडलं नसावं."

"मग झालं तर!" फिदानाने तळवे एकमेकांवर चोळले. "जुलै महिना, परवाच पाऊस पडून गेलाय, भोवती बीचचं रान, आणि माझी मुलगी म्हणते गावात जाऊन जेवू. तुझ्या पणजीने ऐकलं असतं तर कानाला धरून उभी केली असती तुला."

ती सहासष्ट वर्षांची होती आणि कित्येक महिन्यांत इतकी खूश झाली नव्हती. खोऱ्यातल्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं दोनशे माणसांचं जेवण रांधलं, पण ते सगळं पोत्यांतून आणि डब्यांतून आलेलं. रोदोपी डोंगरातलं हे रान तिला आजीने शिकवलं होतं आणि ते शिकलेलं दाखवायची संधी कुत्र्याने आयती आणून दिली होती.

ही संधी तिला हवीच होती. हिवाळ्यापासून बिल्यानाने एकच धोशा लावला होता: गावातलं घर बंद कर, आमच्याकडे बुर्गासला ये, चौथ्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. शेवटी फिदाना म्हणाली, आधी माझ्याबरोबर तीन रात्री डोंगरात राहा, मग बोलू. ती अजून एकटी राहू शकते का, याची ही परीक्षा आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यात एक अवघड प्रश्न आहे, हे मात्र एकट्या फिदानाला ठाऊक होतं. दीड वर्षापासून तिच्या डोळ्यांपुढे दुधाळ पडदा आला होता. घरात, अंगणात, पाठ असलेल्या वाटांवर तिचं भागत होतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की समुद्र दिसणारी खोली ठरलेलीच.

बिल्याना झऱ्याकाठी कोप्रिवाचे कोवळे शेंडे खुडायला गेली. हात लागला की आग आग होणारा तो पाला, म्हणून तिने हातांत मोजे घातले होते. फिदाना लाचोला घेऊन बीचच्या रानात शिरली.

लाचो समुद्राकाठचा माणूस. बुर्गासला तो दातांच्या कवळ्या बनवायचा. रानात त्याचे पाय प्रत्येक मुळाला अडखळत, फांद्या त्याच्या चष्म्यावर नेमक्या आपटत. फिदानाला लग्नापासून या जावयाचं काय करावं ते कळलं नव्हतं. चार वर्षांत तो तिच्याशी हवामानापलीकडे फारसं बोललाच नव्हता.

"खाली वाक," ती म्हणाली. "रान असं ताठ मानेने बघायचं नसतं. वास घे."

त्याने आज्ञाधारकपणे वास घेतला. "मातीचा येतोय."

"मातीचा तर येणारच. त्याच्या खाली बघ. ओल्या पिठासारखा, अक्रोडासारखा."

तिने पाचोळ्यात हात घातला आणि एक जाड देठाची, पावासारख्या टोपीची अळंबी मुळासकट फिरवून काढली. डोळ्यांचं काम बोटं करत होती आणि बरं करत होती. टोपीखाली स्पंज, देठ गुबगुबीत. दुसरी निघाली, तिसरी निघाली. मग पारव्या लागल्या, हिरवट टोपीच्या ठिसूळ अळंब्या. देठ खडूसारखा कटकन मोडला की पारवी, तिने त्याला शिकवलं.

"आणि एक गोष्ट कोरून ठेव. देठाला बांगडीसारखं कडं दिसलं आणि बुडाशी मातीत पांढरी पिशवी असली की ती अळंबी तिथेच सोडायची. ती हिरवट असते आणि चवीला छान लागते म्हणतात. पण ती चव सांगायला माणूस फार दिवस राहत नाही. म्हणून कायम मुळापासून काढायची. देठ बघितल्याशिवाय टोपलीत काही टाकायचं नाही."

"देठ बघितल्याशिवाय नाही," लाचोने पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

आणि दहाच मिनिटांत तो एका झाडामागून लहान पोरासारखा ओरडला. "आई! मला सापडली! मला एकट्याला!"

धावत येताना तो दोनदा अडखळला. हातात हिरवट टोपी होती. आनंदाच्या भरात त्याने ती टोपीलगतच चाकूने कापून आणली होती. देठ जेमतेम नखाएवढा उरला होता.

"अरे, मुळापासून म्हटलं होतं ना!"

"विसरलो. पण हिरवी पारवीच ना ही? तुम्ही आत्ता दाखवली तशी?"

फिदानाने टोपी डोळ्यांजवळ धरली. हिरवट काहीतरी, भोवती दूध. तिने अंगठा फिरवला. गुळगुळीत वाटली. मघाचीही तशीच होती का? टाकून दे, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात झऱ्याकडून बिल्याना वर चढून आली. मोजे घातलेल्या हातांत पाल्याचा भारा होता आणि ती आईकडे बघत होती. बघत होती, का नुसती उभी होती, तेही फिदानाला नीट दिसलं नाही.

"पारवीच आहे," ती म्हणाली आणि टोपी टोपलीत टाकली. "पुढच्या वेळी मुळापासून."

तंबूपाशी दगडांच्या चुलीवर तेल तापलं, अळंब्यांचे काप पडले आणि रानभर वास सुटला. बिल्याना मक्याच्या पिठाचा घाटा घोटत गुणगुणत होती. फिदाना तव्यातले काप सारखे करत होती. लाकडं आणतो म्हणून गेलेला लाचो बराच वेळ आला नाही. आला तो धापा टाकत, लाकडांशिवाय.

"द्या, मी हलवतो," म्हणत त्याने फडक्याने तव्याचा दांडा धरला.

पुढच्या क्षणी तवा उलटा झाला. सगळ्या अळंब्या राखेत.

"लाचो!" बिल्याना किंचाळली.

"असू दे, वरच्या वर उचलून धुऊन घेते," म्हणत फिदाना वाकली. तिने हात पुढे केला तोच लाचोचं पाऊल नेमकं त्या ढिगावर पडलं. तो मागे सरकला आणि दुसरं पाऊल उरलेल्यांवर पडलं. मग त्याने काठीने सगळं विस्तवात लोटून दिलं.

"काय चाललंय काय तुझं! नाचतोयस का?"

"माफ करा, आई. माझा हात सटकला."

"कुत्रा बरा म्हणायचा," फिदाना म्हणाली. "त्याने निदान खाल्लं तरी!"

बिल्यानाला हसू आवरेना. ती हसली तशी फिदानाही हसली आणि लाचोही कसानुसा हसला. मग तो तवा घेऊन झऱ्यावर गेला आणि वाळूने घासत बसला. एकदा घासला, धुतला, पुन्हा वाळू घेतली. तिसऱ्यांदाही घेतली.

जेवण तरीही सुरेख झालं. पिवळा गरम घाटा, त्यावर तेलात परतलेला कोप्रिवा, वर कच्च्या रानचुक्याची आंबट पानं. तव्याचं पातेल्याने भागवावं लागलं. बिल्यानाने बोटं चाटली आणि म्हणाली की बुर्गासच्या कुठल्या हॉटेलात असं मिळत नाही. दुपारी तिघं उन्हातल्या उतारावर रानस्ट्रॉबेरी वेचत बसली. नखाएवढी फळं, पण वास असा की आधी हुंगावं आणि मग खावं. लाचो त्याची सगळी फळं फिदानाच्या ओंजळीत टाकत होता.

त्याच्या बोटांकडे तिचं लक्ष तेव्हा गेलं. ती बोटं इवलंसं फळ न चिरडता देठापासून अलगद सोडवत होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवणारी बोटं. पाय अडखळायचे त्याचे. हातातून मात्र चार वर्षांत तिच्या घरी एक चमचा पडला नव्हता. फळं घेताना आणखी एक गोष्ट तिला जाणवली. झऱ्यावर एवढं घासूनही त्याच्या नखांत काळी माती गच्च बसलेली होती.

"मी जरा पाय मोकळे करून येते," ती म्हणाली.

सकाळी लाचो जिथून ओरडला होता, झाडामागची ती जागा तिला सहज सापडली, कारण तिथला पाचोळा बाजूला सारलेला होता. ती खाली बसली. ताजा उकरलेला खड्डा होता. खड्ड्याच्या कडेला देठ आडवा ठेवलेला होता, लांब आणि सरळ. तिने मोडून पाहिला. तो कटकन मोडला नाही, धाग्यांनी सोलत गेला. वर पातळ कडं लोंबत होतं. बुडाशी तिच्या बोटांना ती पिशवी लागली. ओली, पापुद्र्याची, फुटक्या अंड्यासारखी.

मग तिने तो देठ खड्ड्यात टाकला, वर माती लोटली आणि पाचोळ्याला हात पुसले. मग आणखी एकदा पुसले.

ती परत आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. तिने हात झऱ्यावर स्वच्छ धुतले. बिल्यानाने रानातली सुगंधी पानं टाकून चहा उकळला होता आणि ती नवऱ्याची नक्कल करत होती. एका पायावर उभी राहून हवेत तवा उलटा करत होती.

"आता प्रत्येक बारशाला आणि लग्नाला हीच गोष्ट सांगणार मी," ती म्हणाली.

"सांगायची असेल तर नीट सांग," फिदाना म्हणाली. "ती अळंबी विषारी होती. मी ओळखली नाही. याने ओळखली."

बिल्यानाचा पाय खाली आला.

"नाही, आई," लाचो घाईने म्हणाला, "माझा हात खरंच..."

"गप रे. तुझ्या हातातून काही पडत नाही." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मला दिसत नाही, बिल्याना. दीड वर्ष झालं. आणि देठ बघितल्याशिवाय मी ती टोपलीत टाकली, कारण तू बघत होतीस."

फिदाना वाट बघत होती. आता ती खोली येणार, चौथा मजला येणार, समुद्र येणार.

बिल्याना तिच्याशेजारी येऊन बसली, अगदी चिकटून, लहानपणी बसायची तशी. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं फिदानाला वाटलं. मग कळलं, रडणं आणि हसणं दोन्ही चाललं होतं.

"म्हणून तू दोनदा नाचलास," बिल्याना नवऱ्याला म्हणाली. "आणि तीन वेळा तवा घासलास. वेड्या, सांगायचं तरी मला!"

"ते सांगायचं काम माझं नव्हतं," लाचो म्हणाला.

थोड्या वेळाने तो फिदानाला म्हणाला, "मोतीबिंदू असेल, आई. अर्ध्या तासाचं काम असतं. ऑपरेशनला या आमच्याकडे. बरं वाटलं की मी स्वतः तुम्हाला गावी आणून सोडतो."

"समुद्राचं काय?" फिदाना म्हणाली.

"समुद्र कुठे जात नाही," बिल्याना नाक पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू आणि जावई पुन्हा रानात गेले. फिदानाने त्याचा दंड धरला होता. तो बघायचा आणि सांगायचा. ती ऐकायची, हुंगायची आणि निकाल द्यायची. टोपलीचा तळ झाकला. मग लाचो एका जागी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मुळापासून काढलीय," तो म्हणाला. "हिरवट आहे. कडं नाही. पिशवीही नाही... पण इथे देठाचं बूड किड्याने खाल्लंय, आई. पिशवी होती की नव्हती, ते मला नक्की सांगता येत नाही."

त्याने ती तिच्या हातात दिली. फिदानाने देठ दोन बोटांत धरून दाबला. खडूसारखा कटकन मोडला. टोपीची साल भेगाळलेली, खरखरीत होती. वास अक्रोडाचा. हिरवी पारवी, चांगली तळहाताएवढी, आजीने बघितली असती तर गाणं म्हटलं असतं.

"काय करायचं?" तिने विचारलं.

लाचोने विचार केला. "शंका आहे. टाकून देऊ."

"टाक," फिदाना म्हणाली, आणि त्याचा दंड धरून पुढे निघाली.