एकवीस विरुद्ध वीस

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चर्चचे पाळक बाप्तिस्म्याच्या अर्ध्या भरलेल्या हौदात उतरले होते आणि कोपर बुडवून पाणी कितपत कोमट झालंय ते बघत होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाप्तिस्मे होते. तेवढ्यात त्यांची सख्खी मावशी हौदाच्या पायरीवर येऊन बसली. पर्स मांडीवर, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.

"माझंही नाव घाल यादीत."

"कुठल्या?"

"बुडवायच्या."

पाळक हसले. मावशी हसली नाही.

या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नसे. माणसानं कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवायचा, चारचौघांत तसं सांगायचं आणि नखशिखांत बुडायचं. मगच तो सभासद, मगच त्याला मत. पाळकांना हे मावशीनंच संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. त्यांनाच काय, निम्म्या मंडळीला.

"माझ्या बाप्तिस्म्याच्या रविवारी मला ताप भरला," मावशी म्हणाली. "तेव्हाच्या चिटणीसांनी सभासदांच्या वहीत नाव आदल्या दिवशीच लिहून टाकलेलं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी अभिनंदन केलं. म्हटलं, सांगू सावकाश."

"मग?"

"चव्वेचाळीस वर्षं झाली."

मागे बाकं पुसणाऱ्या आताच्या चिटणीसांचं फडकं थांबलं. पवित्र शास्त्राच्या खालोखाल त्यांचा त्या वहीवर विश्वास होता.

"म्हणजे यांचं मत बाद," ते म्हणाले. "पाळक गेल्या वर्षी एकवीस विरुद्ध वीस असे निवडून आले. मावशींचं एक वजा. वीस-वीस. म्हणजे निवडच नाही. म्हणजे..." हौदातल्या माणसाकडे बघून त्यांनी वाक्य सभ्यपणे सोडून दिलं.

पाळकांनी पाण्यातून हात बाहेर काढला.

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं, मावशी?"

"परवा वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, 'टीचर, तुमच्या वेळी पाणी गार होतं का?' मला सांगता येईना."

पाळकांनी खिशातून यादी काढली आणि ओल्या हातानं मावशीचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

"अहो, पण तुमची निवड?" चिटणीस म्हणाले.

"उद्या हे झालं की मीच सांगतो मंडळीला. घ्या फेरमतदान."

रविवारी मावशीनं दोन वाक्यांत साक्ष दिली, नाक दाबलं आणि बुडाली. वर येताच आधी ती पोरगी शोधून ओरडली, "गार नाही गं! कोमट आहे!" संडे स्कूलच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. चिटणीसांनीही टाळ्या वाजवल्या, मग आजूबाजूला बघून थांबवल्या.

पाळक मावशीला हात धरून पायरीकडे नेत होते.

"चिटणीसांना सांग," ती डोळ्यांतलं पाणी निपटत म्हणाली, "माझं मत वजा करायचं तर विसातून करा."

पाळक कंबरभर पाण्यात उभेच राहिले.

"मावशी! तू माझ्या विरोधात?"

"तेव्हा तू सगळ्यांना गोड लागेल तेवढंच बोलायचास."

"आणि आता?"

"आता रांग थांबलीय. हात सोड."