चुकलेल्या भागाकारांची वही

मित्रांनो, मी एक जुनी कच्ची वही आहे. तीही गणिताची! नाकं मुरडू नका, आधी ऐका तरी.

चिमीचे बाबा पुस्तकबांधणीचं काम करायचे. छापखान्यातले पाठकोरे कागद दुमडून, जाड दोऱ्याने शिवून त्यांनी मला घडवलं. चिमीची पक्की वही मात्र दुकानातली, गुळगुळीत. तिच्यात फळ्यावरचं गणित सुवाच्य उतरायचं आणि शाबासकीही तिलाच मिळायची. माझ्या वाट्याला नुसती खाडाखोड. खरं सांगते, मला फार हेवा वाटायचा.

चिमीचं भागाकाराशी हाडवैर होतं. ६१२ भागिले ६, तर हिचं उत्तर १२! आता चाचणीत पुन्हा नापास झाली, तर मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार आणि ही त्याच बाकावर राहणार. बिचारीला घास गिळवेना.

त्यातच बाईंनी कच्ची वही बघायला मागितली. झालं! चिमी रडकुंडीला आली. भागाकाराचं पान धरून ती ओढणार, तोच बाबा ओरडले, "अगं अगं, थांब! हे एक पान ओढलंस, की त्याच्या जोडीचंही निखळेल. अशी किती पानं घालवशील?"

नाइलाजाने तिने मला तशीच नेली.

बाईंनी सगळी पानं निवांत चाळली आणि त्या हसल्या. "चिमे, तुझ्या चुका खूप नाहीत गं. एकच चूक आहे, सगळीकडे तीच! एकाला सहाचा भाग गेला नाही, मग तिथे शून्य का नाही दिलंस?"

"शून्य म्हणजे काहीच नाही ना, बाई? मग लिहायचं कशाला?"

"तू शाळेत आली नाहीस, तर तुझ्या जागेवर मी दुसरीला सरकवते का? जागा राखायची, बाळा."

चिमीचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! चाचणीत पास होऊन ती मैत्रिणींबरोबर वर गेली.

आज मी शाळेतल्या गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या एका ताईंच्या कपाटात सुखात आहे. इथल्या माझ्याहून थोरल्या वह्यांत मापं आणि वजनं, धाकट्यांत आलेख. केस पिकलेल्या चिमीने मला देताना बजावलं, "हिच्यात चुकाच चुका आहेत हं!" ताई म्हणाल्या, "म्हणूनच हवी. काय शिकवलं ते पुस्तकांत सापडतं. मुलांना काय समजलं, ते इथेच."

बाबांचे, बाईंचे, ताईंचे उपकार मी विसरणार नाही. आणि मित्रांनो, चुकलेलं पान फाडावंसं वाटलं, तर आधी ते कुणाला तरी दाखवा.