इसालेचं पान

थांबा, आधी बसू द्या मला. फेलिस्टा, तो चहा इकडे दे, तू दुसरा ओत. आणि गॉडलिसन, मध्ये मध्ये बोलायचं नाही हां, तू बोललास की मी विसरते.   

तर काल मी आणि एलिनामी धबधब्यांवर गेलो होतो. पुढच्या रविवारी त्याचे काका म्बेगेचे, केळ्यांच्या दारूचे, घडे घेऊन आमच्या घरी येणार, लग्नाचं बोलायला, हे तर तुम्हाला माहितीच आहे. एकदा ते घडे दारात उतरले की आमचं हिंडणं बंद, मग सगळीकडे मावश्यांचा पहारा. म्हणून म्हटलं, शेवटचं एकदा जाऊन येऊ. खालचा धबधबा, वरचा धबधबा, दोन्ही. तो लगेच म्हणाला, "चल." एरवी त्याला चढ म्हटलं की पोटात दुखतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी मी मोशीच्या स्टँडवर उभी, आणि हा गायब! एक डालाडाला भरून गेली, दुसरी गेली, कंडक्टर मला म्हणतो, "ताई, तो काही येत नाही, माझ्याबरोबरच चला." शेवटी आला. डोळे लाल, शर्ट उलटा. मी म्हटलं, "सॉरीबिरी काही चालणार नाही. माफी पाहिजे असेल तर इसालेचं पान आण, गुडघ्यावर बस, मग बघू."

अगं, चेष्टेत गं! सहज तोंडातून गेलं. पण त्याचा चेहरा असा झाला, जणू मी थोबाडीत मारली.

गॉडलिसन, तू तिकडे दार शहरात वाढलास, तुला सांगायला हवं. आमच्याकडे डोंगरावर शेताच्या कडेला इसालेचं कुंपण असतं, ती लांब लांब हिरवी पानं. त्या पानाला गाठ मारून कुणी तुझ्यापुढे धरलं की समजायचं, हा माफी मागतोय. आणि तू ते हातात घेतलंस की संपलं. माफ केलंस. मग ते फेकायचं नाही, परत करायचं नाही. जमिनीसाठी कोयते काढलेले भाऊ आजीने त्या पानावर एका ताटात जेवायला बसवलेत. हसतोयस काय? माझ्या डोळ्यांदेखत.

बरं. चढायला लागलो. केळीच्या बागा, कॉफी, पाटाचं पाणी खळखळतंय, बायका कपडे धुतायत आणि आम्हाला बघून खिदळतायत. एक म्हणाली, "नवरदेवाला पाणी पाज गं, आत्ताच धापा टाकतोय, पुढे कसं व्हायचं!" मी हसून हसून पडले. हा वळूनही बघेना. खालच्या धबधब्यावर मी पाण्यात पाय सोडून बसले, चपाती काढली, केळी काढली. हा काही खाईना. मी म्हटलं, "आमच्या घरी आला होतास तेव्हाही असंच. दादाने स्वतःच्या हाताने कच्च्या केळ्यांची म्तोरी वाढली, आणि तू चमचा नुसता फिरवत बसलास. दादा अजून चिडवतो, तुझ्या नवऱ्याला दात नाहीत का म्हणून."

तर हा एकदम उठला आणि म्हणाला, "वर जाऊ."

माझा दादा, सिफाएली, तुम्ही पाहिलाय. काठी घेऊन चालतो तो. पण आधी तो किबोच्या शिखरावर हमाली करायचा, माहितीये? पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन पार वरच्या तळापर्यंत. गाइडची परीक्षा द्यायची होती त्याला. मी एवढीशी होते तेव्हा वरचा धबधबा पहिल्यांदा मला त्यानेच दाखवला, खांद्यावर बसवून. मग एका संध्याकाळी तो गाईंसाठी गवताचा भारा घेऊन येत होता, पाऊस भुरभुरत होता, आणि वळणावर एका मोटरसायकलवाल्याने उडवलं. उडवलं आणि पळून गेला. दादा पाटात पडून होता, दूधवाल्या बायकांना सापडेपर्यंत. गुडघा गेला तो गेलाच. आता आमच्या फाटकापाशी बसून हमालांचे बूट शिवतो, आणि वरचा धबधबा त्याने तेव्हापासून पाहिलेला नाही. त्याचा नुसता आवाज येतो आमच्या घरापर्यंत, वारा असला की.

हे का सांगतेय? ऐक ना.

वरच्या वाटेवर एलिनामीच्या बुटाचा तळ सुटला. चप चप चप, मगरीसारखं तोंड उघडतंय. मी म्हटलं, "परत जाताना दादाकडे शिवून घेऊ." तो चालतच राहिला. शेवटच्या बागेपाशी थांबला आणि कुंपणातलं एक पान कापलं. मी मागून बघत होते. त्याने त्याला गाठ मारली, शर्टात ठेवलं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, अय्या, किती गोड! सकाळची चेष्टा लक्षात ठेवली याने!

वर पोचलो. तुम्हाला तो आवाज माहितीये, कानात बोललं तरी ऐकू येत नाही. तुषारांनी आम्ही क्षणात चिंब. तिथे दार शहरातून आलेली कॉलेजची पोरं होती, फोटो चाललेले. आणि हा सगळ्यांसमोर ओल्या खडकावर गुडघे टेकून बसला. पान पुढे केलं. दोन्ही हातांनी.

पोरांना वाटलं, लग्नाचं विचारतोय! टाळ्या, शिट्ट्या, एक मुलगी तर व्हिडिओ काढायला लागली. आणि मी वेडी, मी लाजले, हसले, आणि घेतलं. घेतलं गं मी ते पान! वर त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि ओरडले, "जा, माफ केलं!"

तर तो रडायला लागला. पुरुष माणूस, खांदे हलतायत. मी खाली वाकले, तो माझ्या कानात काहीतरी ओरडतोय, मला पाण्याच्या आवाजात काही कळेना. मी ओरडले, "काय?" तो ओरडला. "काय? मोठ्याने बोल!" मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "सिफाएलीला मी उडवलं होतं! ती मोटरसायकल मी चालवत होतो!"

पोरं अजून टाळ्या वाजवत होती.

मला काय झालं ते सांगताच येत नाही. पाणी पडत होतं ते दिसत होतं, आवाज नाही. कान बंद. ती व्हिडिओवाली मुलगी मला अंगठा दाखवतेय, आणि मी तिला अंगठा दाखवला! खरंच दाखवला! मेंदूच बंद, हात आपला हलला. मग बघितलं तर मुठीत पान.

मी त्याला ओढत बाजूला नेलं, झाडीत, जिथे बोलता येतं. म्हटलं, "परत सांग." त्याने सांगितलं. शाळेतून नुकताच सुटला होता, मामाची मोटरसायकल, मागे केळीचे घड बांधलेले, धड चालवताही येत नव्हती. वळणावर तोल गेला. पडला, उठला, पाटातून कण्हणं ऐकलं. "ऐकलं मी, हाइका," म्हणाला. "ऐकलं आणि पळालो." माणूस कोण, जगला की मेला, त्याने कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. आणि मग ईस्टरला आमच्या घरी जेवायला आला, आणि दादाने म्तोरी वाढता वाढता हसत हसत स्वतःच सगळं सांगितलं, कुठलं वळण, कुठला पाट.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू गेली असतीस."

"आणि आता? आधी पान दिलंस, मग सांगितलंस! आधी सांगतात आणि मग पान देतात, एलिनामी! तू फसवलंस मला!"

"सकाळी तूच म्हणालीस पान आण. मला वाटलं देवच बोलतोय."

"देव स्टँडवर उभा राहून तुझी वाट बघत बसत नाही!" मी म्हटलं. आणि हात वर केला, ते पान दरीत भिरकावायला. फेलिस्टा, हात वर गेला, पण बोटं उघडेनात! लहानपणापासून आजीने भरवलंय ना, इसाले फेकलं की घरात काहीतरी अभद्र होतं. मी तशीच उभी, हात वर, रडतेय, आणि हा खाली मान घालून.

मग मी उतरायला लागले. मागून तो, चप चप चप. अर्धी वाट मी त्याला शिव्या दिल्या, अर्धी वाट गप्प. त्या कपडे धुणाऱ्या बायका परत, "काय गं, भांडलात का? चांगलं आहे, भांडण झालं की लग्न टिकतं!" मी बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात एकच. मी माफ केलंय की नाही? पान तर घेतलंय. मग आत हे असं जळतंय ते काय?

आणि घराचं फाटक दिसलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं. दादा बसला होता तिथे, तोंडात दोरा, मांडीवर कुणाचा तरी बूट. आणि मला वाटलं, अरे, मी कोण माफ करणारी? गुडघा माझा आहे का? पाटात मी पडले होते का?

दादाने आधी बूटच बघितला. "अरे नवरदेव! ही काय मगर पाळलीस? काढ, दे इकडे." आणि याने काढून दिला. दादाने सुई ओवली, दोन टाके घातले. मी ते पान एलिनामीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे माझं नाही. ज्याचं आहे त्याला दे. पण आधी सांग. या वेळी आधी."

त्याने सांगितलं. एक पाय अनवाणी, उभ्या उभ्या. आवाज फुटत होता, पण थांबला नाही. "पाटातून कण्हणं ऐकलं" इथपर्यंत आला तेव्हा दादाची सुई थांबली. चामड्यात अर्धी आत, अर्धी बाहेर.

मला वाटलं आता काठी उचलणार. खरं सांगू? मला वाटत होतं उचलावी.

दादाने काठीकडे बघितलंही नाही. मग म्हणाला, "घडांचा वास आला होता मला. पिकलेल्या केळ्यांचा. अजून केळी पिकली की मी खोलीतून उठून बाहेर जातो." एवढंच. मग मला विचारलं, "धबधब्याला पाणी कसं आहे?"

मी म्हटलं, "भरपूर."

"हं." त्याने पान घेतलं नाही. नुसतं बघितलं. एलिनामीचे हात तसेच पुढे. "मी या डोंगरावर लोकांची ओझी वाहिली," दादा म्हणाला. "वर पोचायच्या आधी एकदाही ओझं टाकलं नाही. आता ओझं मी होणार. येत्या शनिवारी तू मला पाठीवर घेऊन वर चल. वरच्या धबधब्यापर्यंत. दम लागला तर टेकव, पाणी पी, रड, काय वाटेल ते कर. फक्त टाकून पळायचं नाही. वर पोचलास की पान घेईन, तिथेच."

एलिनामी म्हणाला, "हो." 

"आणि काकांना सांग, घडे थांबू देत," हे मी म्हटलं. "शनिवारी दादा वर पोचला तर रविवारी या. नाही पोचला तर येऊच नका." दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं. आई भाजी घेऊन येत होती वाटेने, तिला अजून काहीच माहीत नाही. 

म्हणून मी तुम्हाला बोलावलंय. नाही नाही, उचलायला नाही, गॉडलिसन, हात कुणी लावायचा नाही, ते एकट्या एलिनामीचं काम. पण शेवटचा चढ तुम्हाला माहितीये, ओला दगड, बाजूला दरी. तिथे मागे माणसं पाहिजेत, दोर पाहिजे. आणि मला... मला कुणीतरी शेजारी पाहिजे. कारण मला अजून कळत नाहीये, तो घसरावा असं मला वाटतंय की पोचावा असं. कालपासून दोन्ही वाटतंय, एकाच वेळी.

आणि ऐका, एक राहिलंच. एलिनामी निघणार तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब, बूट झाला नाही." बूट परत मांडीवर घेतला, आणि मी बघत होते, त्याने घातलेले ते दोन टाके उसवून काढले. जाड दोरा घेतला, तो हमालांच्या बुटांना वापरतो तो, आणि सगळा तळ परत पहिल्यापासून शिवला. दुहेरी.

मी विचारलं, "एवढं कशाला?"

तर मान वर न करता म्हणाला, "दोघांचं वजन आहे."