चौदावा दिवस

प्रियदर्शनीनं कोथरूडच्या बांधकामासमोर स्कूटर अक्षरशः टाकली आणि धावत सुटली. मघाशी प्रयोगशाळेतून फोन आला होता. चौदाव्या दिवशी फोडलेला काँक्रीटचा ठोकळा नेहमीच्या निम्म्याच दाबाला फुटला होता.

त्यात नवल काही नव्हतं. टनभर सिमेंट भाजलं की जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून या आयटी कंपनीच्या इमारतीत निम्म्या सिमेंटऐवजी वीजकेंद्राची राख घालायला सल्लागार म्हणून तिनंच लावलं होतं. ‘पुढच्या पिढीसाठी’ म्हणून टाळ्याही घेतल्या होत्या. हे काँक्रीट सावकाश घट्ट होतं, स्लॅबखालचे टेकू अठ्ठावीस दिवस काढू नका, हेही तिनं रीतसर कळवलं होतं. इंग्रजीत. ईमेलनं. मुकादम महिपती ईमेल वाचत नाही, खांबावर गेरूनं लिहिलेली तारीख वाचतो आणि चौदाव्या दिवशी टेकू काढतो, हे तिला फोन ठेवताना आठवलं.

तिनं आत पाहिलं. अर्धे टेकू निघाले होते. उरलेल्यांपैकी दोहोंना साडीची झोळी बांधलेली, आणि झोळीत मजूर बायडाबाईची तान्ही मुलगी झोपलेली.

“थांबा! हात लावू नका!”

“बाई, तीस वर्षं चौदाव्यालाच काढतोय,” महिपती हसला.

“यात निम्मी राख आहे हो! अजून कच्चा आहे स्लॅब!”

महिपतीचं हसू मावळलं. त्यानं वर पाहिलं. प्रियदर्शनी आत शिरली, पोर उचलली आणि उन्हात येऊन उभी राहिली. महिपतीनं एकेक टेकू परत ठोकेपर्यंत ती तिथून हलली नाही. प्रत्येक ठोक्याला तिला वाटायचं, आता कोसळणार.

मग तिनं खांबावरच्या तारखेखाली गेरूनं लिहिलं, ठळक मराठीत: अठ्ठावीस दिवस टेकू काढू नयेत. खाली थांबू नये.

बायडाबाईनं पोर घेतली. “काय लिवलं बाई? मला वाचाय येत न्हाई.”

प्रियदर्शनीनं वाचून दाखवलं.

“बरं. मग झोळी कुठं बांधू, तेवढं सांगा.”

प्रियदर्शनीनं एप्रिलच्या उन्हात सगळं आवार नजरेखालून घातलं. सावली होती ती फक्त त्या स्लॅबखाली.