कोऱ्या कागदावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. माझी मूठ तडकली आहे आणि कडांना निळ्या शाईची पुटं चढली आहेत. पण मला ‘बिचारा’ म्हणाल तर खबरदार! शारजातल्या रोला भागात एका छोट्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्या रबरावर डॉक्टर सूर्यकांत यांचं नाव आणि परवाना क्रमांक कोरला गेला, आणि मी अल मजाज भागातल्या त्यांच्या दवाखान्यात रुजू झालो.

काय माझा थाट होता! माझा ठसा नसेल तर खालच्या औषधाच्या दुकानातला वासिफ गोळी देत नसे. मीही फुशारून गेलो होतो.

त्या फुशारकीत मला एक वाईट सवय लागली. पलीकडच्या खोलीत परिचारिका संजना बसायची. पायांच्या जखमांवर उपचार करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण औषध लिहायचा अधिकार तिला नव्हता. मग डॉक्टर रोज सकाळी वीस कोऱ्या कागदांवर सही करायचे, मला धडाधड आपटायचे आणि गठ्ठा तिच्याकडे पाठवायचे. काय लिहायचं ते तिने ठरवायचं, नाव मात्र आमचं. पंधरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

यंदा संजनाने स्वतः औषध लिहिण्याचं प्रशिक्षण घेतलं. अभ्यास झाला, परीक्षा झाली. उरली फक्त तिची वही. तिने तपासलेल्या पेशंटची नोंद वाचून डॉक्टरांनी त्यात सही करायची होती. ती सही नसेल तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

एका दुपारी वासिफ तरातरा वर आला. मागे किसन होता, अजमानला राहणारा, इमारतींच्या परांचीवर काम करणारा कामगार. त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती.

“डॉक्टरसाब, ये आदमी बोलता है, इस गोली से पिछली बार मुँह सूज गया था. किसी ने पूछा नहीं?”

चिठ्ठीवर माझा ठसा होता. डॉक्टरांनी संजनाला बोलावलं.

“तू विचारलं नाहीस?”

“सर, शिक्का तुमचा ना... मला वाटलं, माझ्याकडे पाठवण्याआधी तुम्ही त्याला विचारलं असेल.”

“आणि मला वाटलं, तू विचारशील!”

मित्रांनो, मी लाजेने अर्धमेला झालो. किसनला विचारलं होतं कोणी? कोणीच नाही. माझ्या भरवशावर दोघंही निर्धास्त होते.

संजनाने किसनची माफी मागितली. दुसरी गोळी ठरवून डॉक्टरांकडून तिथेच तपासून घेतली. मग ती उरलेला गठ्ठा घेऊन आली आणि सगळे कागद टराटरा फाडले.

“अगं, काय करतेस? बाहेर नऊ पेशंट बसलेत. यल्ला, कामाला लाग!”

“सर, यापुढे मी कोऱ्या कागदावर लिहिणार नाही. आधी पेशंटला सगळं विचारीन, मग चिठ्ठी लिहीन. तुम्ही ती वाचा आणि मगच शिक्का मारा. वहीवर सही करायची नसेल तर नका करू. चूक माझी आहे, ती पण वहीत लिहिणार आहे.”

डॉक्टर चार दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. मात्र प्रत्येक चिठ्ठी वाचत होते. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून वही मागितली, किसनचं पान दोनदा वाचलं आणि त्याच पानाच्या तळाशी पहिली सही केली.

आता संजनाला स्वतःचा परवाना आहे, स्वतःचा शिक्काही. पहिल्याच सकाळी स्वागतकक्षातला राजन म्हणाला, “मॅडम, वीस मारून ठेवू?”

“खलास, राजन. ते दिवस गेले,” म्हणत तिने शिक्का एप्रनच्या खिशात टाकला.

माझं काम निम्म्यावर आलं आहे. म्हणून मी रडत बसलेलो नाही. मला धुऊन-पुसून ठेवू नका, नवी मूठही बसवू नका. माझ्याखाली येणाऱ्या कागदाची तेवढी काळजी घ्या. तो कोरा असेल, तर मित्रांनो, कितीही जोराने आपटा, मी उमटणार नाही.